टोलनाक्यावर जळणारे इंधन : सहा वर्षांच्या वापरानंतर फास्टॅगचे परीक्षण

फास्टॅगविषयी जे लिहिले जाते ते बहुधा वेळेच्या आणि पैशांच्या अंगाने लिहिले जाते. रांग किती कमी झाली, पैसे दोनदा कापले गेले का, बँकेने तक्रारीची दखल घेतली का, याच प्रश्नांभोवती चर्चा फिरत राहते. मला या सेवेचे परीक्षण इंधनाच्या हिशेबाने करायचे आहे, कारण वाहतुकीचे नियोजन सुधारून इंधन वाचवण्याचे जे उपाय आपल्याकडे गेल्या दहा वर्षांत झाले, त्यांपैकी प्रत्येक मोटारीच्या काचेवर येऊन पोहोचलेला उपाय हा एकच आहे. २०१९ च्या अखेरीपासून माझ्या मोटारीवर फास्टॅग आहे आणि पुणे-कोल्हापूर हा माझा नेहमीचा रस्ता आहे. माझ्या धाकट्या भावाचे दोन दहा-चाकी ट्रक कोल्हापूरहून गूळ आणि साखर घेऊन नवी मुंबईच्या बाजार समितीत जातात, आणि त्यांच्या डिझेलचा व टोलचा हिशेब दर महिन्याला माझ्याच हाताखालून जातो. त्यामुळे हे परीक्षण एका मोटारीचे आणि दोन ट्रकांचे आहे.

ज्यांनी २०१९ नंतर गाडी चालवायला सुरुवात केली, त्यांना आधीचा टोलनाका कसा होता याची कल्पना येणार नाही, म्हणून ते थोडे सांगतो. रोख पैसे द्यायचे, सुटे नसले की खिडकीतल्या माणसाशी हुज्जत घालायची, दोन रुपयांच्या बदल्यात हातावर ठेवलेली गोळी मुकाट्याने घ्यायची आणि पावती घेऊन निघायचे, हा क्रम होता. प्रत्येक गाडीला त्यात फार वेळ लागत नसे, पण मागे पन्नास गाड्या असल्या की शेवटच्या गाडीला त्या सगळ्यांच्या वेळेची बेरीज भोगावी लागे. शिवाय ती रांग एका जागी स्वस्थ उभी राहत नसे. पुढची गाडी सुटली की सगळ्यांनी चार-पाच मीटर सरकायचे, पुन्हा थांबायचे, पुन्हा पहिला गिअर टाकायचा. अशा रांगेत इंजिन बंद करण्याची सोय नसते, आणि पहिल्या गिअरमध्ये पुन्हा पुन्हा गाडी हलवण्यात नुसत्या उभ्या इंजिनापेक्षा कितीतरी अधिक इंधन जाते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे अडकलेल्या रांगेत मी पाऊण-पाऊण तास काढलेला आहे, आणि त्या वेळी गाडीत बसून माझ्या मनात येई की आपण टोलचे पैसे तर देणारच आहोत, पण ते देण्यासाठी थांबण्याचाही दाम मोजतो आहोत.

फास्टॅगची यंत्रणा तशी साधी आहे. काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीत एक चिप आणि अँटेना असते. तिला बॅटरी लागत नाही, कारण नाक्यावरच्या स्कॅनरने सोडलेल्या रेडिओ लहरींवरच ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. तो क्रमांक चालू आहे की ब्लॅकलिस्टमध्ये आहे हे पाहून दांडा उचलला जातो, आणि पैशांची देवघेव त्यानंतर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या जाळ्यातून नाक्याची बँक आणि आपली बँक यांच्यात होते. म्हणूनच पैसे कापल्याचा संदेश कधी कधी नाका मागे पडून बराच वेळ झाल्यावर येतो. त्यात घाबरण्याचे काही नाही. २०१४ मध्ये अहमदाबाद-मुंबई या पट्ट्यात प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही सेवा १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीची झाली, आणि टॅग नसेल तर दुप्पट टोल असा नियम आला. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतील नाक्यांवर ही सक्ती १ एप्रिल २०२५ पासून केली. या मधल्या चार वर्षांत एकाच प्रवासात एका नाक्यावर सक्ती आणि दुसऱ्यावर रोखीची मुभा अशी स्थिती होती, आणि माझ्या मते सेवेच्या परिणामकारकतेचे मोठे नुकसान त्या दुहेरी व्यवस्थेने केले.

आता मुख्य हिशेबाकडे येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने दिलेल्या आकड्यांनुसार २०१८-१९ मध्ये टोलनाक्यावर वाहनाला सरासरी ८ मिनिटे थांबावे लागत होते, आणि फास्टॅगनंतर २०२०-२१ व २०२१-२२ मध्ये ही सरासरी ४७ सेकंदांवर आली. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी यातून वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपयांचे इंधन वाचेल असा अंदाज मांडला होता. एवढ्या मोठ्या आकड्यातून सामान्य वाहनधारकाला स्वतःच्या खिशाचे काही कळत नाही, म्हणून मी एका गाडीचा हिशेब मांडतो. वातानुकूलन चालू असलेली मध्यम आकाराची पेट्रोल मोटार उभ्या उभ्या ताशी सुमारे पाऊण लिटर पेट्रोल जाळते. त्या दराने ८ मिनिटांचे १०० मिलिलिटर होतात आणि ४७ सेकंदांचे जेमतेम १०, म्हणजे प्रत्येक नाक्यामागे ९० मिलिलिटर वाचले. पुण्याहून कोल्हापूरला जाताना खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात, जाऊन-येऊन आठ. एका फेरीत पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल वाचते असे यातून निघते. ज्याला महिन्यातून एकदा गावी जायचे आहे, त्याच्या घरखर्चात याने मोठा फरक पडत नाही, आणि तसा पडतो असे सांगणे बरोबर होणार नाही.

ट्रकचा हिशेब मात्र वेगळा आहे. मोठे डिझेल इंजिन उभ्या उभ्या ताशी दोन लिटरच्या आसपास डिझेल घेते. ८ मिनिटांचे सुमारे २६५ मिलिलिटर आणि ४७ सेकंदांचे २६, म्हणजे एका नाक्यामागे जवळपास पाव लिटर वाचते. आमच्या ट्रकला कोल्हापूरहून नवी मुंबईला जाताना वरचे चार आणि द्रुतगती मार्गावरचे तळेगाव व खालापूर असे सहा नाके लागतात. एका फेरीत जाऊन-येऊन बारा नाके धरले आणि महिन्याला आठ फेऱ्या धरल्या, तर एका ट्रकमागे महिन्याला सुमारे २४ लिटर आणि वर्षाला २९० लिटरच्या घरात बचत होते. डिझेल नव्वद रुपये लिटर धरले तरी ही रक्कम पंचवीस हजारांच्या वर जाते. ट्रकच्या एका टायरची किंमत तेवढ्यात निघण्याइतकी ती आहे. एक लिटर डिझेल जळले की अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हेही यात धरायला हवे, कारण नाक्याच्या खिडकीत दिवसाचे आठ तास बसणारा कर्मचारी तोच धूर नाकाने घेत असतो. फास्टॅगने त्याच्या फुप्फुसांवरचा भार थोडा तरी हलका केला असेल, ही गोष्ट मला पैशांच्या बचतीइतकीच मोलाची वाटते.

इथपर्यंत सेवेचे गुणगान झाले, आणि ते मी मनापासून करतो. परंतु इंधनाचा हिशेब इथे अर्धाच होतो, आणि उरलेला अर्धा भाग मला एका जुन्या चालकाने शिकवला. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी ट्रक चालवला आहे. फास्टॅग आल्यावर मी त्यांना कौतुकाने म्हणालो की आता थांबावे लागत नाही, डिझेल वाचत असेल. ते म्हणाले, "थांबायला लागत नाही ते खरं, पण दादा, डिझेल थांबल्यावर कमी आणि निघताना जास्त जातंय. ब्रेक मारला म्हणजे डिझेल रस्त्यावर ओतलं असं समजा." त्या वेळी मला हे चालकाचे ठोकताळ्याचे बोलणे वाटले. नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा ते अक्षरशः खरे निघाले.

मालासह २५ टन वजनाचा ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याच्या गतीत सुमारे साडेतीन मेगाज्यूल ऊर्जा साठलेली असते. ब्रेक लावून तो थांबवला की ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत संपते आणि पुन्हा ६० चा वेग गाठायला ती डिझेलमधून नव्याने आणावी लागते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण इंजिन तिच्यातली साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच चाकांपर्यंत पोहोचवते. हिशेब केला तर एका थांब्यामागे पाव लिटरहून थोडे अधिक डिझेल निघते. म्हणजे रांगेतली प्रतीक्षा टाळून फास्टॅगने जेवढे वाचवले, तेवढेच डिझेल दांड्यापाशी वेग मोडण्यात आजही जाते आहे.

यावर कोणी म्हणेल की फास्टॅगच्या लेनमध्ये गाडी पूर्ण थांबत नाही, हळू होऊन पुढे निघते. सगळे सुरळीत असेल तर तसे होते, हे मलाही मान्य आहे. पण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग ६० वरून १५ वर, म्हणजे चौथाईवर आला की ऊर्जा सोळाव्या हिश्श्यावर येते. न थांबता, पण ताशी १५ किलोमीटरने दांड्याखालून जाणाऱ्या ट्रकनेही आपल्या गतीतील ऊर्जेपैकी सोळातले पंधरा हिस्से आधीच गमावलेले असतात. दांडा कितीही चपळाईने उचलला तरी ते हिस्से परत मिळत नाहीत. नाक्याच्या अलीकडे टाकलेले गतिरोधक आणि खडबडीत पट्टे या नुकसानीत भर घालतात. सुरक्षिततेसाठी ते हवेत हे समजते, परंतु दांडा आहे म्हणून गतिरोधक आणि गतिरोधक आहेत म्हणून ब्रेक, अशी ती साखळी आहे आणि तिचे पहिले कडे दांडा आहे.

मोटारीच्या बाबतीत हाच आकडा लहान आहे. १,२०० किलोची मोटार ताशी ८० किलोमीटरवरून थांबली आणि पुन्हा त्या वेगाला आली, तर ३५ ते ४० मिलिलिटर पेट्रोल त्यात जाते. प्रतीक्षेतली बचत मोटारीला ९० मिलिलिटर झाली होती, म्हणजे मोटारीच्या बाबतीत फास्टॅगने नाक्यावरच्या नुकसानीचा मोठा भाग भरून काढला आणि ट्रकच्या बाबतीत निम्माच. आपल्या महामार्गांवरचे डिझेल मुख्यतः कोण जाळतो हे लक्षात घेतले, तर सेवेचा लाभ ज्याला सर्वाधिक हवा त्याला तो अर्धाच मिळाला आहे.

तात्यांनी यावर स्वतःपुरता उपाय काढलेला आहे, आणि तो मी आता मोटारीतही पाळतो. टोलनाका एक किलोमीटरवर असल्याचा फलक दिसला की ते अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतात आणि गाडी गिअरमध्येच ठेवून तिला आपल्या वजनाने पुढे जाऊ देतात. आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधनाचा पुरवठा बंद होतो. याउलट न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतच राहते, शिवाय उतारावर गाडी हातातून सुटण्याचा धोका असतो. गाडीचा साठलेला वेग अशा रीतीने टायर आणि वारा यांच्या रोधावर खर्च झाला, तर तो शेवटचा किलोमीटर जवळजवळ फुकटात होतो आणि ब्रेकला फारसे काम उरत नाही. मागून हॉर्न वाजतात, डावी-उजवीकडून गाड्या पुढे काढल्या जातात, आणि त्या सगळ्या नाक्यावर आपल्या एक-दोन गाड्या पुढे उभ्या असलेल्या दिसतात.

आता सेवेतील दोषांविषयी. माझ्या अनुभवात सगळ्यांत मोठा दोष असा की एका गाडीचा टॅग वाचला गेला नाही तर त्या लेनमधल्या सगळ्यांची बचत पाण्यात जाते. दोन वर्षांपूर्वी पहाटे आईला घेऊन निघालो असताना एका नाक्यावर स्कॅनरने माझा टॅग वाचला नाही. कर्मचारी हातातले यंत्र घेऊन आला, तेही चालेना. मग गाडी मागे घ्या, पुढे घ्या, पुन्हा मागे घ्या असा प्रकार झाला, आणि शेवटी रोख दुप्पट पैसे भरा असे सांगण्यात आले. खात्यात पुरेशी रक्कम होती आणि आधीच्या नाक्यावर तोच टॅग बिनतक्रार चालला होता. सुदैवाने मला नियम ठाऊक होता: टॅग वैध असेल, खात्यात पैसे असतील आणि नाक्यावरच्या यंत्रणेच्या बिघाडामुळे टोल घेता येत नसेल, तर वाहनाला विनाशुल्क सोडले पाहिजे आणि शून्य रकमेची पावती दिली पाहिजे. २०१८ मध्ये अधिसूचना काढून ही तरतूद केलेली आहे. पर्यवेक्षक आल्यावर मला तशी पावती मिळाली, पण त्यात दहा मिनिटे गेली. माझ्या मागे वीसेक गाड्या होत्या, त्यात पाच-सहा मालवाहू. प्रत्येक गाडीचे इंजिन ताशी सरासरी एक लिटर घेते असे धरले, तर माझ्या एका गाडीपायी त्या रांगेत तीन लिटरहून अधिक इंधन जळाले. एका मोटारीला एवढे इंधन वाचवायला छत्तीस-सदतीस नाके सुरळीत ओलांडावे लागतील. ही तरतूद प्रत्येक लेनच्या खिडकीवर ठळक मराठीत लिहिलेली असली, तर वाद घालण्यात जाणारा वेळ तरी वाचेल.

दोष नेहमी नाक्याचाच असतो असे नाही. बरेच लोक टॅग काचेवर न चिकटवता डॅशबोर्डवर ठेवतात आणि नाका आला की हातात धरून वर करतात. कधी एकच टॅग दोन गाड्यांसाठी फिरवतात. सैल टॅग असा वापरला की स्कॅनरला तो नीट सापडत नाही आणि मागच्यांचा खोळंबा होतो. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने असे हातातले टॅग ब्लॅकलिस्ट करण्याचे धोरण जाहीर केले, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. टॅग काचेच्या मध्यभागी, आरशाच्या मागे, आतल्या बाजूने चिकटवावा; काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म लावलेली असेल तर ती लहरी अडवते, हेही लक्षात ठेवावे.

बँकांच्या सेवेविषयी मात्र मी समाधानी नाही. भावाच्या एका ट्रकचा टॅग गेल्या वर्षी केवायसी अपूर्ण असल्याचे कारण देऊन बंद करण्यात आला. कागदपत्रे दोन महिन्यांपूर्वीच दिलेली होती आणि टॅग बंद केल्याचा संदेश आला तो ट्रक लेनमध्ये शिरल्यानंतर. दुप्पट टोल भरून तो सुटला, पण पुढच्या प्रत्येक नाक्यावर पुन्हा तेच झाले, कारण टॅग पूर्ववत व्हायला तीन दिवस लागले. बँकेच्या मदत क्रमांकावर यंत्राने दिलेली उत्तरे ऐकण्यात चालकाचा वेळ गेला. त्या मानाने महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या क्रमांकावर माणूस भेटतो आणि तक्रार क्रमांकही मिळतो. बँकेने टॅग बंद करण्यापूर्वी पुरेशी आगाऊ सूचना दिलीच पाहिजे. काळजीपूर्वक वेग सांभाळणारा चालक आणि चोख चालणारा नाका, या दोघांनी मिळून केलेली बचत दूरच्या कार्यालयातल्या एका निष्काळजी नोंदीने पुसली जाते, हे मला फार लागते.

रचनेतला एक दोष फास्टॅगच्या पलीकडचा आहे, पण त्याचा परिणाम याच हिशेबात येतो. नाक्यापाशी तीन लेनचा रस्ता फुगून आठ-दहा लेनचा होतो आणि नाका ओलांडल्यावर पुन्हा तीन लेनचा होतो. पूर्वी खिडकीपाशी इतका वेळ जाई की गाड्या पलीकडे तुटक तुटक सुटत. आता त्या भराभर सुटतात आणि दोनशे मीटरवर बाटलीच्या तोंडाशी अडकतात. दिवाळीच्या सुट्टीत किंवा जोडून आलेल्या शनिवार-रविवारी हे फार जाणवते. रांग नाक्याच्या अलीकडून पलीकडे सरकलेली असते. अवजड वाहनांनी डावीकडची लेन धरली आणि ती तशीच पुढे मिळाली, तर हा गुंता बराच सुटेल, पण त्यासाठी नाक्याच्या आधीपासून लेनची शिस्त हवी आणि ती लावणारा माणूस तिथे उभा हवा.

१५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या वार्षिक पासबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती आणि त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते, अशी मुदत आहे. एक नाका ओलांडणे म्हणजे एक फेरी, त्यामुळे जाऊन-येऊन दोन मोजल्या जातात. तरीही त्या किमतीत एका नाक्याला पंधरा रुपये पडत होते आणि हा दर उत्तम होता. इंधनाशी त्याचा संबंध थेट नाही, पण मला तो एका ठिकाणी दिसला. टोल चुकवण्यासाठी गावातल्या अरुंद रस्त्यांनी वळसा घालून जाणारे माझे काही परिचित पास घेतल्यापासून सरळ महामार्गाने जाऊ लागले. पाच-सात किलोमीटरचा वळसा, त्यातले गतिरोधक, गुरे आणि शाळेची मुले, हे सगळे पार करून वाचणाऱ्या टोलमधला मोठा हिस्सा पेट्रोलमध्येच जात होता. पास असला की प्रत्येक नाक्यावर शिल्लक रकमेची चिंताही राहत नाही. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरताच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाकडे असल्याने तिथे तो चालत नाही आणि नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात. शिवाय तो केवळ खासगी मोटार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. ज्या वाहनाचे नाक्यावर सर्वाधिक इंधन जाते ते वाहन या सवलतीच्या बाहेर आहे.

समृद्धी महामार्गाचा उल्लेख आलाच आहे तर एक तुलना करतो. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण झाला, आणि तिथे टोल घेण्याची पद्धत बंदिस्त आहे: आत शिरताना नोंद होते आणि ज्या ठिकाणी आपण बाहेर पडतो तिथे अंतरानुसार पैसे कापले जातात. मधल्या प्रवासात नाक्यासाठी वेग मोडावा लागत नाही. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास चार वेळा वेग मोडतो, आणि तिथे त्याहून लांबचा पल्ला एका दमात जातो. त्याच काचेवरचा तोच टॅग दोन ठिकाणी इतका वेगळा परिणाम देतो, यावरून फरक टॅगमध्ये नसून रस्त्याच्या रचनेत आहे हे कळते. अर्थात जुन्या महामार्गाला गावोगावचे फाटे असल्यामुळे तो असा बंदिस्त करता येणार नाही.

म्हणूनच माझे लक्ष दांडाविरहित टोलकडे लागले आहे. रस्त्यावर कमान उभारून तिच्यावरचे स्कॅनर आणि नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे यांच्या साहाय्याने नेहमीच्या वेगात जाणाऱ्या गाडीचा टोल घ्यायचा, अशी ही पद्धत आहे, आणि तिच्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील चोर्यासी नाक्याचा करार झाला. चोर्यासी नाका राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहे, आणि तोच महामार्ग पुढे मुंबई-पुण्यावरून साताऱ्याला आणि कोल्हापूरला जातो. दांडा गेला की ट्रकचे ते पाव लिटर डिझेलही वाचेल. त्यासाठी नंबरप्लेट स्वच्छ व प्रमाणित असणे, टॅग काचेला पक्का चिकटलेला असणे आणि बँकेच्या नोंदी अचूक असणे या तिन्ही गोष्टी आजच्यापेक्षा कितीतरी अधिक काटेकोरपणे सांभाळाव्या लागतील, कारण दांडा नसताना चूक जागच्या जागी सापडणार नाही. ती नोटीस बनून घरी येईल.

तोवर आज हाती असलेल्या सेवेला मी मोटारीसाठी पाचपैकी चार आणि ट्रकसाठी अडीच गुण देतो. ज्यांच्याकडे अजून टॅग नाही त्यांनी तो अवश्य घ्यावा. १५ नोव्हेंबर २०२५ पासून टॅगशिवाय यूपीआयने पैसे भरणाऱ्यास सव्वापट आणि रोख देणाऱ्यास दुप्पट टोल असा नियम लागू झाला. ज्यांचे ट्रक आहेत त्यांनी टॅगच्या खात्यात एका पूर्ण फेरीपेक्षा अधिक रक्कम कायम ठेवावी आणि गाडी निघण्याच्या आदल्या रात्री टॅगची स्थिती पाहून घ्यावी. भावाने आता ही तपासणी चालकाच्या कामाच्या यादीत हवा आणि इंजिन ऑइल यांच्या शेजारी लिहून ठेवली आहे, आणि नव्या चालकाला पहिल्या फेरीला तात्यांच्या शेजारी बसवून पाठवण्याची पद्धत सुरू केली आहे, म्हणजे एक किलोमीटरचा फलक दिसल्यावर पाय कधी काढायचा हे त्याला किणीपासून खालापूरपर्यंत सहा वेळा पाहायला मिळते.